पोह्यांवर ठेवलेला शत्रू

माझं टेम्पोचं डायविंग बघून तोंडातनं 'वा!' निघालेला माणूस मला आख्ख्या आयुष्यात एकच भेटला. बाकीच्यांच्या तोंडातनं काय निघतं ते हितं सांगण्यासारखं न्हाई, आन त्यात माझी सासरवाडीबी आली.

त्या दिशी मी माझा छोटा टेम्पो घेऊन भोसरीवरनं चाकणला निघालो व्हतो. मागं प्लास्टिकचे ट्रे भरलेले. माल गेटवर लवकर पोचवायचा म्हणून घाई. तसा मी टेम्पो रिकामा असला तरी घाईतच असतो. मोशीच्या पुढं एक जुनी स्कूटर रस्त्यानं अशी चाललेली, की जणू तिला कुणी दोरीनं वढतंय. ना वेग वाढतोय, ना कमी व्हतोय. वर एक ताठ म्हातारा, शर्टात मागनं फळी घातल्यागत. मी हॉर्न दिला. हलंना. मोठा हॉर्न दिला. हलंना. मग काय, फोन खांद्यात धरला, डावीकडनं घातली, रिक्षा आन वडापावच्या गाड्याच्या मधनं काढली आन म्हाताऱ्याच्या नाकासमोरनं कट मारून पसार.

पसार म्हंजे पुढच्या चौकापर्यंत. तिथं गाड्या तुंबलेल्या. बघतो तर म्हातारा शेजारी येऊन उभा. नुसता माझ्याकडं बघत ऱ्हायला. वाट सुटली की मी सुसाट, पुढच्या जाममध्ये म्हातारा परत शेजारी. असं कुरुळीपर्यंत चाललं. शेवटी माझाच धीर सुटला. एका च्याच्या टपरीवर टेम्पो लावला आन मनात माफीचं वाक्य जुळवत उभा ऱ्हायलो.

म्हाताऱ्यानं स्कूटर स्टँडला लावली. हेल्मेट काढून काखेत धरलं.

"डावीकडनं घुसलास," त्यो म्हणाला. "इंडिकेटर उजवा. फोन खांद्यात. आरसा आतल्या बाजूला वळवलेला, भांग पाडायला असावा. मागं एकदाबी बघितलं न्हाईस."

"चुकलं काका."

"चुकलं? अरे, वा! दोन महिने मी असाच माणूस शोधतोय. उद्या सकाळी येशील का?"

मला वाटलं कुठंतरी सत्कार हाय.

तर हे म्हंजे आमचे सुभेदारसाहेब. फौजेत डायवर लोकांचे वस्ताद व्हते, आता रिटायर होऊन मोशीत पहिल्या मजल्यावर ऱ्हायला. फौजेतनं सुटून जे डायवर आपल्या पट्ट्यात यायचे त्यास्नी सिव्हिलचं लायसन काढून द्यायचं, हे काम त्यांनी अंगावर घेतलेलं. कुणी सांगितलं न्हवतं. पैसेबी घ्यायचे न्हाईत. माणूस वीस-बावीस वर्षं मोठाले ट्रक चालवून येतो, पण त्याचं फौजेचं लायसन हितल्या कंपनीच्या बसला चालत न्हाई. त्याला सिव्हिलचं पायजे, वर कमर्शियलचं पायजे. मग साहेब त्याची कागदं जुळवणार, डॉक्टरकडं नेणार, आरटीओच्या रांगेत त्याच्या मागं उभं ऱ्हाणार. पलटणीचा दाखला चोख असला तर बऱ्याच जणांस्नी टेस्टबी द्यावी लागत न्हवती.

पण साहेबांची एक अट. कागदं देण्याआधी त्या माणसानं आठवडाभर सकाळी त्यांच्या मैदानावर यायचं. "लायसन कागदावर मिळंल," साहेब म्हणायचे, "चाकणचा चौक कागदावर पार होत न्हाई."

आन त्या मैदानावर माझी नेमणूक झाली. पोस्ट कोणती? शत्रू.

आता फौजेतला डायवर कसा चालवतो ते तुमाला सांगतो. त्यो पुढच्या गाडीच्या मागं ठराविक अंतर ठेवून जातो, आन ते अंतर म्हंजे त्याला देव. कुणी मधी घुसंल हे त्याच्या डोक्यातच नसतं. तिकडं सगळ्या गाड्या एका मालकाच्या. हितं आपल्याकडं ते अंतर दिसलं की त्यात एक रिक्षा, दोन बाइका आन मी. मग फौजी काय करणार? परत अंतर ठेवायला मागं ऱ्हाणार. परत कुणीतरी घुसणार. परत मागं. साहेब म्हणायचे, फौजेतला एक नायक तर असा मागं मागं ऱ्हात निघाला व्हता चाकणला आन संध्याकाळपर्यंत नाशिक फाट्यालाच.

म्हणून शत्रू पायजे. मोशीच्या मागं एक मोकळा प्लॉट व्हता, त्यात साहेबांनी पांढऱ्या फक्कीनं रस्ते आखलेले. एका डायविंग स्कूलवाल्या दोस्ताची जुनी बस सकाळची मागून आणलेली. टायर, पिंपं, मोडका बाकडा, असलं सामान मांडून चौक केलेला. मोठाल्या मिशांचे फौजी लायनीत उभे. साहेब त्यांच्यापुढं उभं ऱ्हाऊन माझ्याकडं छडी करून सांगायचे, "नीट बघून घ्या. हा सिव्हिलचा शत्रू. वाईट न्हाई, पण याला मागं काय चाललंय याच्याशी कायबी देणं-घेणं न्हाई. आज शत्रू उजवा इंडिकेटर देऊन डावीकडं वळंल. क्या समझे?"

"समझ गया, साब!"

मग मी टेम्पो काढायचो. आन खरं सांगतो, पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. जन्मभर जे आपोआप येत व्हतं ते सांगून करायचं म्हणल्यावर येईना! इतकी माणसं बघतायत म्हणून मी लाजलो. इंडिकेटर बरोबर पडला. वळणावर पाय आपोआप ब्रेकवर. फौजीला चक्क वाट दिली मी.

साहेब लांबनं वरडले, "काय हे! नीट चालवतोयस? लाज वाटती का काही?"

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, की आज वाईट चालवता न्हाई आलं म्हणून शिव्या खाल्ल्या. ती म्हणली, "अवो, मला शेजारी बसवून न्यायचं. मी माहेरी चला म्हणते, मग बघा कसं येतंय ते."

दुसऱ्या दिवशी मी फोन कानाला लावला, समोर वडापाव ठेवला, आन मग गाडी अशी रुळावर आली म्हणताय!

पगार म्हंजे पोहे. साहेबांच्या मंडळी, काकू, स्टीलचा डबा घेऊन मैदानावर यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी इचारलं, "यातला शत्रू कोण?" मी हात वर केला. "बस, जास्त वाढते. तुझी मेहनत जास्त." तवापासनं त्या घरात माझं नाव कुणी घेतलं न्हाई. काकू गॅलरीतनं हाक मारायच्या, "शत्रू, वर ये रे, गॅसची टाकी उचलायची!" सोसायटीतली माणसं दचकून बघायची.

साहेबांचं एकेक तर काय सांगावं. सकाळी स्कूटर काढायच्या आधी तिची परेड. तेल बघणार, टायर दाबणार, दिवे लावून बघणार, आन हॉर्न एकदाच वाजवणार. दिवसभरात हॉर्न तेवढाच. "हॉर्न म्हंजे गोळी हाय," ते म्हणायचे. "बंदूक चालती का बघायला एकदा मारायची. नंतर लागलीच तर." मी त्यास्नी सांगितलं न्हाई, की या हिशोबानं मी रोज मोशी ते चाकण लढाईच करत जातो.

स्कूटरची झाली की माझी परेड. नखं, गुंड्या, चप्पल. एकदा माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला. साहेब बसले खाली आन तारेनं बांधून दिला. "टायर फुटला तरी गाडी निघंल," म्हणाले, "पण मालक फुटका असला की न्हाई निघत." मालक मी. फुटका कोण ते कळलं मला.

रस्त्यानं चालतानाबी आमची पलटण. साहेब पुढं, मी मागं, काकू माझ्या मागं. मी गप्पा मारायला जवळ सरकलो की साहेब जागच्या जागी थांबायचे, वळायचेबी न्हाईत. "डिस्टन्स!" मग मी मागं. गप्पा मारायच्या तर वरडून मारायला लागायच्या. आमच्या घरच्या भानगडी आख्ख्या मोशीला ठाऊक झाल्या त्या अशा.

पण सगळ्यात भारी म्हंजे त्यांचा रिव्हर्स. फौजेत गाडी मागं घ्यायची तर शेजारचा माणूस, को-डायवर, खाली उतरणार. गाडीमागं उभा ऱ्हाऊन हातानं दाखवणार, "आने दो, आने दो, बस!" त्याशिवाय चाक मागं फिरवायचं न्हाई. आता साहेबांची स्कूटर पार्किंगमधी भिंतीला लागून. पाय टेकवून कुणीबी मागं घेईल. पण साहेब न्हाई घ्यायचे. काकू पहिल्या मजल्याच्या गॅलरीत यायच्या, हातात पोह्याचं उलथनं, आन तिथनं उलथन्यानं डावं-उजवं दाखवायच्या. फोडणी जळायची, पण काकू जागा सोडायच्या न्हाईत. शेवटाला उलथनं कठड्यावर दोनदा वाजवलं की साहेब निघाले.

"काकू, तुमाला कंटाळा येत न्हाई?" मी एकदा इचारलं.

"अरे, लग्नानंतर पंचवीस वर्षं हा माणूस सुट्टीपुरता घरी," त्या म्हणल्या. "आता रोज सकाळी माझ्या इशाऱ्याशिवाय हालत न्हाई. कंटाळा कशाला येईल?"

तर या रिव्हर्सपायी एक माणूस पार अडकला, ती गोष्ट सांगायची हाय.

परभणीकडचे एक हवालदार व्हते. कुरुळीत खोली घेऊन ऱ्हायले, बायको-पोरी गावाकडं. उंच, खांदे असे की बसच्या दारातनं तिरके व्हायला लागायचं. फौजेत डोंगरातल्या बर्फाच्या रस्त्यावर ट्रक चालवलेला माणूस. चाकणच्या कंपन्यांस्नी बस पुरवणाऱ्या एका कंत्राटदारानं त्यास्नी शब्द दिलेला, कामगारांची बस देतो, पण महिना संपायच्या आत लायसन दाखवा. आन त्यांच्या दाखल्यावर नेमकं फक्त हलक्या गाडीचं लिहून आलेलं. दुरुस्त व्हायला पलटणीकडं पाठवला, ती पलटण तवा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तेवढं कंत्राटदार थांबणार न्हवता. म्हणून हवालदारांपुढं एकच वाट, सरळ टेस्ट देऊन टाकायची.

"बावीस वर्षं ट्रक चालवलाय," मी म्हणलो, "तुमाला कसली टेस्ट राव!"

हवालदार टेस्टला गेले. पुढं चालवायला सांगितलं, चालवलं. चढावर थांबून उचलायला सांगितलं, उचलली, वाटीतलं पाणी हालणार न्हाई अशी. मग इन्स्पेक्टर मॅडम म्हणल्या, "आता रिव्हर्स घ्या."

हवालदारांनी गिअर टाकला आन बसून ऱ्हायले.

"घ्या की मागं."

"मॅडम, मागं माणूस न्हाई."

मॅडमनी मान बाहेर काढून बघितलं. "नाहीच आहे. मग घ्या ना!"

"माणूस न्हाई तर कसं घेऊ?"

"अहो, माणूस असता तर कसं घेतलं असतं?"

हे असं लई येळ चाललं म्हणे. शेवटी मॅडमनी नापास केलं. काही दिवसांनी दुसऱ्यांदा गेले, परत तेच. पाय क्लचवरनं उठंना.

त्या दिशी हवालदार मैदानावर येऊन टायरवर बसले. हातात एक पिशवी. त्यात सिक्युरिटीवाल्यांनी देऊन टाकलेला गणवेश, शिट्टी, टोपी. बस न्हाई जमली तर ती बस जिथं लागणार त्याच कंपनीच्या गेटवर उभं ऱ्हायची नोकरी तयार व्हती. फौजी दिसला की सगळे गेटच दाखवतात.

"सुभेदारसाब," ते म्हणाले, "मला कुणी उपाशी ठेवायला न्हाई, ते कळतंय मला. पण मी ती बस रोज बघायलोय. माझ्यापुढनं ती जाणार आन मी तिला गेट उघडणार. दिवसातनं किती येळा उघडू?"

मी वातावरण हलकं करायला म्हणलो, "हवालदार, तो तुमचा को-डायवर… बर्फात गेला का बिचारा? म्हणून ते मनात बसलंय का?"

"गेला? कशाला जाईल? केरळात नारळाची बाग हाय त्याची. रोज फोन करतो." हवालदार म्हणाले. "पण बारा वर्षं माझ्या मागं उभा ऱ्हायला त्यो. गाडीला हाताची एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की चल. खाली दरी असायची, मी कधी आरशात बघितलं न्हाई. त्याच्या थापेवर गेलो. आता आरशात बघितलं तरी माझं मन म्हणायलंय, थाप कुठाय?"

साहेब बराच येळ छडीनं फक्की उकरत ऱ्हायले. मग माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यानं मला कुरुळीची टपरी आठवली.

"शत्रू," ते म्हणाले, "उद्यापासनं तू याचा को-डायवर."

मला लई भारी वाटलं. बढतीच की! घरी सांगितलं तर बायको म्हणली, "तुमी? मागं उभं ऱ्हाऊन? तुमाला तर घरात मीठ कुठल्या हाताला हाय ते सांगता येत न्हाई." तिचं बरोबर हाय. मला डावं-उजवं पटकन कळत न्हाई. जेवायच्या हातानं घास घ्यायची आठवण करून मग सांगतो. त्यात दुसऱ्याच्या तोंडाकडं तोंड करून उभं ऱ्हायलं की माझं डावं ते त्याचं काय, यात माझी दुपार व्हती.

सकाळी हवालदार बसमधी बसले, मी मागं. छाती काढून. "आने दो!" हवालदारांचा चेहरा खुलला. किती दिवसांनी मागं माणूस. बस मागं येऊ लागली. मी हात केला, इकडं घ्या. बस तिकडं. मी घाबरून दुसरा हात केला. बस आणखी तिकडं. मग मी दोन्ही हात केले आन बस थेट पिंपावर. पिंप आडवं, बाकडा चेपला, आन मी फक्कीत पालथा.

हवालदार खाली उतरले. पिंपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा ठोकली मी गाडी," ते म्हणाले. "आन ते बी को-डायवरच्या इशाऱ्यानं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी साहेबांस्नी म्हणलो, "मला काढा. माझ्यानं माणसाचं नुकसान व्हायलंय." साहेब म्हणाले, "उद्या वेळेवर ये. नखं कापून."

दुसऱ्या दिवशी परत मी. परत पिंप. तिसऱ्या दिवशी मी हातावर पेनानं खुणा करून आलो, तर घामानं पुसल्या. त्या दिशी मी "आने दो, आने दो" म्हणत व्हतो आन बस मधीच थांबली. मी म्हणतोय आणा, बस हलंना. बघतो तर हवालदारांची मान आरशाकडं. मी डावा हात हलवतोय, ते आरशात बघून उजवीकडं वळवतायत, आन पिंपाला न शिवता बस आत.

"काय करता हवालदार! मी तिकडं दाखवलं व्हतं!"

"म्हणून तर इकडं घेतली भाऊ," हवालदार म्हणाले. "तुमच्या भरवशावर ऱ्हायलो तर मी गेटवर बी न्हाई, दवाखान्यात असंल."

साहेबांनी छडी काखेत घेतली आन हळूच हसले. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या माणसानं मला को-डायवर केलंच न्हवतं. मला शत्रूच ठेवला व्हता, नुसता पुढनं मागं नेऊन उभा केला. ज्याच्या मागं मी उभा, त्यो झक मारत आरसा बघणार. त्यास्नी हे पहिल्या सकाळीच ठाऊक व्हतं. मला कसं सांगणार? सांगितलं असतं तर मी लाजून बरोबर इशारे केले असते.

टेस्टचा दिवस आला. महिना संपतच आलेला, म्हंजे ही शेवटची खेप. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, काकूंनी पोह्याचा डबा दिलेला, पण कुणाला घास जाईना. मीच तेवढे खाल्ले, टेन्शनमधी मला जास्त लागतं. टेस्टच्या जागेला जाळीचं कुंपण. साहेब आन मी बाहेर उभे, हवालदार आत. गाडी दुसरीच, भाड्याची. मॅडम त्याच.

पुढं चालवून झालं. चढ झाला. मग गाडी थांबली. मॅडमनी काहीतरी सांगितलं. रिव्हर्सचा पांढरा दिवा लागला.

गाडी हलंना.

मी साहेबांकडं बघितलं. साहेबांची पाठ तशीच ताठ, पण हेल्मेटचा पट्टा बोटात गुंडाळून गुंडाळून बोट निळं पडलेलं. मागचे लोक कुजबुजायला लागले. एक जण म्हणला, "अरे ह्ये ते, माणूस न्हाई म्हणणारे काका!" गाडीचा दिवा तसाच चालू. मला हवालदारांची ती पिशवी दिसाय लागली, शिट्टी दिसाय लागली.

माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. मी जाळीवर चढलो. खरं सांगतो, त्या येळी मी कसलं नाटक केलं न्हाई, शत्रूबित्रू सगळं इसरलो. जेवायचा हात आठवला, नीट इचार केला, आन जिवाच्या आकांतानं हात हलवला, "आने दो! डावीकडं! डावीकडं आने दो!"

हवालदारांच्या आरशात मी दिसलो असणार. कारण गाडी हालली. सावकाश मागं आली आन वळली, बरोब्बर उजवीकडं. दोन खांबांच्या मधी अशी जाऊन बसली, जशी फणी पेटीत बसते.

मॅडम खाली उतरल्या. खांब बघितले, मग जाळीकडं बघितलं. मी अजून वरच, एक चप्पल खाली पडलेली.

"ते कुंपणावर कोण हातवारे करतायत? तुमचे कोण?"

"त्यो?" हवालदार म्हणाले. "त्यो आमचा शत्रू हाय, मॅडम."

"शत्रू? मग तुम्ही त्यांच्याकडे बघत कशाला होता?"

"त्यो जिकडं म्हणतो तिकडं जायचं न्हाई, एवढं बघत व्हतो."

मॅडमनी पास केलं. मॅडमच्या तोंडावरनं असं वाटलं, की त्यास्नी जरा लवकर घरी जावंसं वाटत असावं.

बाहेर आल्यावर हवालदारांनी साहेबांस्नी सलाम ठोकला. साहेबांनी सलाम घेतला, मग एकदम वळून जाळीकडं तोंड करून उभे ऱ्हायले. मी जवळ गेलो बघायला, की रडतायत का काय.

"डिस्टन्स!" साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले.

मी मागं झालो.

हवालदारांस्नी बस मिळाली. तो सिक्युरिटीचा गणवेश परत केला, शिट्टी तेवढी माझ्या पोराला दिली. त्यानं घरात इतकी वाजवली, की मला स्वप्नात पोलिसाचं चलान यायला लागलं. पुढं वर्षभरात मोशीचा त्यो प्लॉट विकला गेला, तिथं गोडाऊन उभं ऱ्हायलं. मैदान गेलं तसं साहेब आन काकूबी गावाकडं, माण तालुक्यात गेले. जाताना स्कूटर टेम्पोत चढवायची व्हती, मागं घेऊन. सगळी सोसायटी मदतीला खाली. पण साहेब हालंनात. काकू परत पहिल्या मजल्यावर गेल्या, घर रिकामं, उलथनं बांधलेलं. मग नुसत्या हातानं दाखवलं आन कठड्यावर दोन थापा मारल्या. तवा कुठं स्कूटर चढली.

आन आता परवाची गोष्ट. चाकणला एका गल्लीत माल टाकून मी परत निघालो. गल्ली चिंचोळी, पुढं ट्रक आडवा, मागंच घ्यावी लागणार. मागं मेन रोड, गाड्यांची रांग. मी आपला नेहमीसारखा, डोळे मिटून ढकलायची, ज्याला जीव प्यारा त्यो थांबंल, या हिशोबानं गिअर टाकला. तेवढ्यात टेम्पोच्या अंगावर थाप पडली. एक. थांब.

आरशात बघितलं. आरसा भांगासाठी वळवलेला, त्यो आधी नीट केला, मग बघितलं. मेन रोडवर कंपनीची भली मोठी बस आडवी थांबलेली, मागं गाड्यांचा नुसता कालवा, बसमधली माणसं खिडकीतनं वरडतायत, "चला की हवालदार, हजेरीचं पंचिंग जाईल!" आन पांढऱ्या शर्टातले हवालदार माझ्या टेम्पोमागं उभे. हात वर. चेहऱ्यावर कसली घाई न्हाई.

"आने दो, शत्रू! आने दो!"

मी सावकाश घेतली. त्यांनी दाखवलं तिकडं वळवली. आयुष्यात पहिल्यांदा मला मागचं सगळं दिसलं, त्यांचा हात, त्यांच्या मागची बस, दोन पोरं सायकलवाली, एक म्हातारी भाजीची पाटी घेतलेली. ही माणसं रोजच मागं असतात का काय, असं वाटलं. मग दोन थापा पडल्या. चल.

संध्याकाळी ऱ्हावलं न्हाई, साहेबांस्नी गावाकडं फोन लावला. सगळं सांगितलं. आरसा नीट केला ते, मागं बघितलं ते, कुणाला न शिवता गाडी काढली ते. वाटलं, आता परत एकदा 'वा!' ऐकायला मिळंल.

मग साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला.

"अरेरे," ते म्हणाले. "हितं ट्रॅक्टरवाल्यांची नवी तुकडी धरलीय. त्यांच्यासाठी तुलाच बोलावणार व्हतो रे."